बोटाचे पेर : एका लहान जखमेचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी वक्ते बहुधा भव्य विषय निवडतात. राष्ट्र, संस्कृती, साहित्य, विज्ञानाची भरारी असे विषय व्यासपीठाला शोभतातही. मी आज निवडलेला विषय मात्र आकाराने अगदी लहान, म्हणजे बोटाच्या शेवटच्या पेराएवढा आहे. यंत्रात, अवजारात किंवा दारात सापडून बोटाचे टोक चेचले वा कापले गेले, तर जखम पिकू नये म्हणून आधीच प्रतिजैविक औषध द्यावे काय, हा तो प्रश्न. वरवर पाहता हा डॉक्टरांच्या तपासणीखोलीतला प्रश्न वाटतो. पण निपाणी, चिकोडी, बेळगाव या आपल्या मुलखातील माणसे हातांवर पोट भरणारी आहेत, आणि त्या हातांच्या इतिहासाशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे. म्हणून तो इतिहासाच्या अंगाने मांडण्याची परवानगी मी आपणांकडे मागतो.

१. पेराची रचना

बोटाचे टोक हा शरीरातील अत्यंत संवेदनशील भागांपैकी एक होय. शिवताना सुई, मळणीत दाणा, विडी वळताना पान, लिहिताना लेखणी, या साऱ्यांची ओळख आपल्याला तिथेच पटते. नखाच्या खाली लगेच हाड आहे आणि पुढच्या बाजूस मांसल गर. हा गर सलग नसून तंतूंच्या बारीक पडद्यांनी त्याचे कप्पे पडलेले आहेत. त्यामुळेच आपण वस्तू घट्ट धरू शकतो. परंतु त्याच कप्प्यांत पू साठला की त्याला पसरायला जागा मिळत नाही, दाब वाढतो, ठणका असह्य होतो आणि दुर्लक्ष झाल्यास हाडालाही इजा पोहोचते.

आपल्या भाषेत नखाजवळच्या या पिकण्याला ‘नखुरडे’ हा नेमका शब्द आहे. लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालून ठेवण्याचा उपाय आपल्यापैकी अनेकांनी घरी पाहिला असेल. हळद दाबणे, चुना किंवा तंबाखू लावणे हेही त्याच परंपरेतले. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि त्यांत जखम स्वच्छ करण्याला महत्त्वाचे स्थान आहे. शास्त्रातली स्वच्छता मागे पडली आणि लोकव्यवहारात लेप तेवढा उरला, असे दुर्दैवाने म्हणावे लागते.

हातातील संसर्ग कोणत्या वाटांनी पसरतो याचा पद्धतशीर अभ्यास शिकागोचे शल्यचिकित्सक ॲलन कॅनाव्हेल यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला. अंगठा आणि करंगळी यांच्या स्नायुरज्जूंची आवरणे तळहातातील पोकळ्यांशी जोडलेली असतात, म्हणून टोकाशी सुरू झालेला पू मनगटापर्यंत जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्या काळी हातात औषध नव्हते. योग्य जागी, योग्य वेळी छेद देऊन पू काढणे एवढेच वैद्याच्या हाती होते.

२. आपल्या मुलखातील यंत्रे

आता आपल्या भागाकडे वळू. येथील बोटे कोणत्या यंत्रांच्या सहवासात आली, हे पाहिल्याशिवाय जखमेचा इतिहास पुरा होत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि पुढे याच गावात त्यांच्या कारखान्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. १९१० साली हा कारखाना औंध संस्थानात गेला आणि किर्लोस्करवाडी वसली, हे आपणांस ठाऊकच आहे. कडबा कापण्याच्या यंत्राने शेतकऱ्याचे आणि विशेषतः शेतकरी स्त्रीचे केवढे कष्ट वाचविले, हे कोयत्याने कडबा तोडलेल्या माणसालाच कळेल. पण कोणत्याही कंपनीचे असो, या जातीच्या यंत्राचा स्वभाव एकच. एका हाताने पेंढी पुढे सारायची, आणि चाकावरची पाती फिरत राहायची. हात जोवर चाकाला होता तोवर वेग माणसाच्या ताब्यात होता. विजेची मोटार आली आणि बोट सापडल्याचे लक्षात येऊन बटण बंद होईपर्यंत पाती कितीतरी वेळा फिरू लागली.

गुऱ्हाळातल्या चरकाचीही हीच कथा. लाकडी चरक जाऊन लोखंडी आला, बैल जाऊन तेलाचे इंजिन आणि मग मोटार आली. ऊस लोटणारा हात मात्र तोच राहिला. घटप्रभेच्या काठी गोकाकची सूतगिरणी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात उभी राहिली. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागांत हातमागांच्या जागी यंत्रमाग खडखडू लागले. उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रभागांचे कारखाने वाढले. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विड्यांचे कारखाने होतेच. विडी वळणाऱ्या बाईचे सारे कौशल्य बोटांच्या टोकांत असते. टेंभुर्णीचे पान कात्रीने बेतायचे, त्यात जर्दा भरायचा, वळायचे आणि तोंड दुमडायचे, हे दिवसभर शेकडो वेळा. तिच्या दृष्टीने पेराला झालेली जखम म्हणजे आठवड्याची मजुरी.

निपाणीच्या तंबाखूचा भाव १९८१ च्या शेतकरी आंदोलनाने साऱ्या देशाच्या कानी गेला. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. वखारींतील स्त्रियांच्या संघटनेवर १९८२ साली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा अनुबोधपटही निघाला. पानाचा भाव आणि मजुरीचा दर यांवर इतिहासात पाने लिहिली गेली. पानाला लागणाऱ्या बोटाबद्दल मात्र फारसे लिहिले गेले नाही.

कायद्याने बोटाची किंमत जरूर केली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत पुढे प्रत्येक बोटाचा, प्रत्येक पेराचा हिशेब आला. तर्जनी संपूर्ण गेली तर कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट, एक पेर गेले तर ९ टक्के, आणि हाड न जाता केवळ टोक छाटले गेले तर ५ टक्के. मधल्या बोटाच्या टोकाला ४ आणि अनामिका वा करंगळीच्या टोकाला २ टक्के. हा तक्ता रुक्ष आहे, पण न्यायाच्या दिशेने टाकलेले ते पाऊल होते. अडचण एवढीच, की भरपाई मागायला मालक लागतो. स्वतःच्या गोठ्यात कडबा सारणाऱ्या गृहिणीला मालक नाही आणि तिच्या बोटाला टक्केही नाहीत. मळणीयंत्रांच्या अपघातांनंतर १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, त्यामागे हीच जाणीव होती.

३. एका बोटापायी गेलेले प्राण

लहान जखमेने मोठी माणसे नेली, याची दोन उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात चिरस्मरणीय आहेत. पहिले व्हिएन्नाचे. १८४७ च्या मार्च महिन्यात न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का शवविच्छेदन करवीत असता एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली. थोड्याच दिवसांत सर्वांगात विष भिनून ते वारले. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवतपासणीचा अहवाल वाचला आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांच्या शरीरातही हेच बदल दिसतात, हे त्यांनी ताडले. विच्छेदनगृहातून प्रसूतिगृहात जाणाऱ्या डॉक्टरांचे हातच रोग नेतात, असा निष्कर्ष काढून त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. एका बोटाच्या जखमेतून जगाला हात धुण्याचा धडा मिळाला तो असा.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून चीनमध्ये युद्धजखमींवर उपचार करीत होते. १९३९ च्या ऑक्टोबरअखेर शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले. हातमोज्यांची टंचाई होती. जखमेत संसर्ग शिरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची धुरा १९४१ साली ज्यांच्याकडे आली ते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे कोटणीसांची कथा घरोघरी पोहोचली. ती ज्या रुग्णालयात घडली त्याचे नाव एका कापलेल्या बोटाची आठवण वाहते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

४. औषधाचा उदय

या दोन मृत्यूंच्या दरम्यान जोसेफ लिस्टर यांचे कार्य घडले. १८६५ साली गाडीखाली पाय सापडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची उघडी जखम त्यांनी कार्बोलिक आम्लाने स्वच्छ ठेवली. पाय कापावा लागला नाही. १८६७ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. जंतूंना जखमेत शिरू न देणे हा तिचा गाभा होता.

शरीरात शिरलेल्या जंतूंना मारणारे औषध यायला आणखी बराच काळ लागला. जर्मनीत गेऱ्हार्ड डोमाक यांनी १९३५ च्या आरंभी प्राँटोसिल या औषधाचे निष्कर्ष जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हातात कशिद्याची सुई घुसली, हात सडू लागला आणि तो कापण्याची भाषा सुरू झाली. पित्याने आपलेच औषध दिले आणि हात वाचला. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ सालीच लावला होता. परंतु ते माणसाला देण्याजोगे शुद्ध करण्याचे काम ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते प्रथम दिले गेले. तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला आणि मार्चमध्ये तो दगावला.

भारतात १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षापासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या निपाणीसारख्या गावाच्या दृष्टीने हे औषध आता सातासमुद्रापलीकडचे राहिले नाही. तत्पूर्वी आणि नंतरही आपल्या भागातील जखमी माणूस मिरजेची वाट धरी. तेथे विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाची कीर्ती सर्वदूर होती. बेळगावात १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि ही वाट पुष्कळ जवळची झाली.

५. ‘प्रतिबंध’ म्हणजे काय?

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा लागेल. प्रतिबंध ही कल्पना बेळगावला नवी नाही. देवीच्या लशीसाठी प्रसिद्ध असलेली येथील संस्था ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावाने आजही टिळकवाडीच्या परिसराच्या स्मरणात आहे. लस शरीराला शिकविते आणि ते शिक्षण वर्षानुवर्षे टिकते. प्रतिजैविक शरीराला काहीच शिकवीत नाही. ते रक्तात असेतोवर, आणि त्याला दाद देणारे जंतू असतील तरच, काम करते. ‘लस टोचली तसे इंजेक्शन घेतले’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

लशीच्या कामातही स्वच्छता सुटली तर काय होते, हे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे दिसले. हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीच्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले आणि १९ माणसे दगावली. हाफकिन पुढे निर्दोष ठरले. धडा मात्र कायमचा राहिला. उत्तमातल्या उत्तम औषधालाही स्वच्छ हाताची जोड लागते.

प्रतिजैविक आधी दिले तर उपयोग होतो काय, याचे मूलभूत उत्तर अमेरिकेतील जॉन बर्क यांनी १९६१ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दिले. जंतू शिरण्यापूर्वी किंवा शिरल्यानंतर पहिल्या तीन तासांच्या आत औषध ऊतींत पोहोचले तरच प्रतिबंध साधतो. त्यानंतर दिले तर न दिल्यासारखेच. आता आपल्या खेड्यातील माणसाचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी बोट चेचते, रात्री हळद लागते, सकाळी एस.टी. मिळते आणि दुपारी गोळी सुरू होते. त्या गोळीला उपचार म्हणता येईल, प्रतिबंध म्हणता येणार नाही.

मांडी किंवा पोटरीच्या हाडाच्या उघड्या अस्थिभंगात लवकर दिलेले प्रतिजैविक हितकारक ठरते, यावर वैद्यकात फारसा वाद नाही. बोटाच्या टोकाला रक्तपुरवठा भरपूर असतो, जखम लहान असते आणि धुऊन काढणे सोपे असते. म्हणून तेथे वेगळा विचार करावा लागला. १९८७ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषध न दिलेल्या १० जणांपैकी तिघांना संसर्ग झाला आणि औषध दिलेल्या ७५ जणांपैकी केवळ दोघांना. वरवर पाहता निकाल लागला असे वाटेल, पण १० ही संख्या फार लहान आहे. २००३ साली तेथेच अग्रपेराच्या उघड्या अस्थिभंगाच्या १९३ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. कोणाला खरे औषध आणि कोणाला नुसती दिसायला तशी गोळी, हे ना रुग्णाला ठाऊक होते ना डॉक्टरला. दोन्ही गटांत संसर्ग शंभरात तीन-चार जणांनाच झाला आणि औषधाचा लक्षणीय फायदा दिसला नाही. २००८ साली अमेरिकेत मुलांवर झालेल्या अभ्यासात दोन्ही गटांत एकेकाच मुलाला संसर्ग झाला. मात्र सर्वांच्या जखमा काळजीपूर्वक धुतल्या होत्या, आणि खरा अर्थ या शेवटच्या वाक्यात आहे.

कोणी विचारील, परदेशातील स्वच्छ रुग्णालयांतील निष्कर्ष आपल्या गोठ्यातील जखमेला कसे लावायचे? प्रश्न रास्त आहे. शेणामातीने माखलेली, उशिरा आलेली, चावल्यामुळे झालेली, किंवा मधुमेही माणसाची जखम वेगळी. तेथे औषध देण्याला सबळ कारण असू शकते आणि तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरचाच. परंतु जखम मळलेली आहे म्हणून औषधाची गरज वाढत असेल, तर त्याआधी ती धुण्याची गरज दुप्पट वाढते. न धुतलेल्या जखमेवरची गोळी ही केर न काढलेल्या अंगणात घातलेल्या रांगोळीसारखी होय.

६. गोळीची किंमत

मग नेहमीच गोळी दिली तर बिघडले कुठे, असे वाटणे स्वाभाविक आहे. बिघडते ते असे. फ्लेमिंग यांनीच १९४५ च्या नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत घेतलेले पेनिसिलिन जंतूंना मारण्याऐवजी त्यांना निर्ढावील. तसेच घडले. जखमा पिकविणाऱ्या जंतूंच्या पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जाती लवकरच रुग्णालयांत दिसू लागल्या. त्यांच्यासाठी मेथिसिलिन आले, तर १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणाऱ्या जातीची नोंद झाली. भारतात २०१४ पासून काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीवर ‘एच-१’ अनुसूचीचे कडक नियम लागू झाले आणि २०१७ मध्ये याबाबतचा राष्ट्रीय कृती आराखडा आला.

निरोगी माणसाच्या स्वच्छ जखमेसाठी अनावश्यक दिलेल्या प्रत्येक गोळीचा हप्ता दुसराच कोणी फेडतो. तो कोणी बाळंतीण असेल, कोणी नवजात बालक असेल. आणखी एक गोष्ट मला अधिक बोचते. गोळी स्वस्त आहे, यंत्राला बसवायची जाळी महाग वाटते. गोळी देता क्षणी काही केल्याचे समाधान सर्वांना मिळते. कारखानदाराला मिळते, घरच्यांना मिळते, कधी डॉक्टरांनाही मिळते. त्या समाधानात पात्यावरचे झाकण बसवायचे राहून जाते आणि त्याच यंत्रात पुढच्या वर्षी दुसरे बोट सापडते. गोळीने प्रतिबंध झाला, अशी समजूत खऱ्या प्रतिबंधाच्या आड येते.

७. शाळेचे कर्तव्य

या शाळेच्या बाकांवर आजवर बसलेली मुले विणकरांच्या, शेतकऱ्यांच्या, विडी कामगारांच्या आणि फाउंड्रीत राबणाऱ्यांच्या घरची आहेत. या सभागृहातील कित्येक माजी विद्यार्थी आज स्वतः कारखानदार, अभियंते आणि डॉक्टर आहेत. म्हणून इतिहास सांगून थांबणे मला योग्य वाटत नाही.

शाळेने चार गोष्टी मुलांच्या अंगवळणी पाडाव्यात. पहिली, बोटाला जखम झाली की भरपूर स्वच्छ वाहते पाणी आणि साबण, हळद-तंबाखू-शेण नव्हे, आणि मग स्वच्छ कापडाने दाबून रुग्णालय. दुसरी, टोक तुटून पडले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवून सोबत न्यावी. तुकडा थेट बर्फात ठेवू नये. तिसरी, धनुर्वाताची लस. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यावयाचा डोस नेमका शाळेच्या वयात येतो, म्हणून त्याची नोंद शाळेला सहज ठेवता येईल. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणित झाले, ते लशीमुळे आणि स्वच्छ प्रसूतीमुळे. चौथी, डॉक्टरांनी औषध लिहून दिले तर ते सांगितले तितके दिवस घ्यावे, आणि नाही लिहिले तर दुकानातून मागून घेऊ नये.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे मागणे निराळे आहे. या भागात यंत्रे घडविणारे हात आहेत आणि यंत्रात सापडणारे हातही याच भागातले आहेत. ज्या गावातून एकेकाळी कडबा कापण्याची यंत्रे बाहेर पडली, त्या गावच्या अभियंत्यांना पात्यावर झाकण, पेंढी सारण्यासाठी लांब नळकांडे आणि पायाने बंद होणारी कळ बसविणे अवघड नाही. आपापल्या गावातील गोठ्यांत आणि गुऱ्हाळांत किती यंत्रे उघडी फिरत आहेत, याची मोजदाद जरी एका वर्षात झाली, तरी या व्याख्यानमालेचे सार्थक झाले असे मी मानीन.

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीच्या शिक्षकांनी मुलांची बोटे धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेतली. ती बोटे शाबूत राखण्याची जबाबदारी आता आपल्या पिढीवर आहे.